केबिनमधला गोब्रा

१

शहीमला वर काढलं तेव्हा त्याच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीची तोटी घट्ट बंद होती.

हे मी स्वतः पाहिलं. आमच्या मादिफुशी बेटावर कुणाला शिंक आली तरी मला हाक मारतात. मी दवाखान्याचा अफीफ. डॉक्टर नव्हे, डॉक्टर येईपर्यंत माणूस टिकवून धरणारा. शहीमच्या बाबतीत टिकवून धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. पायांना जुन्या जाळ्याचा गुंता, उजव्या तळव्यावर एक लांब चीर आणि मानेमागची ती तोटी. पाठीवर बांधलेल्या टाकीची तोटी माणूस चुकून बंद करत नाही, आणि केलीच तर जीव घाबरल्यावर आधी ती उघडतो. ही दुसऱ्या कुणीतरी बंद केली होती, आणि तीही पंधरा वाव पाण्याखाली, बुडालेल्या दोणीच्या, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या होडीच्या, सांगाड्यापाशी.

टाकी घेऊन इतक्या खोल जाणारी माणसं बेटावर दोनच. एक शहीम. दुसरा झियाद, माझ्या बहिणीचा मुलगा.

जुम्म्याची नमाज झाल्यावर दोघं होडी घेऊन गेले होते, रोजच्यासारखेच मासे मोजायला. थोड्या वेळाने झियाद एकटाच वर आला, धक्क्याकडे बघून ओरडला, पुन्हा खाली गेला आणि शहीमला घेऊन आला. आदल्या दिवशी समुद्रकाठच्या होलुअशीत, जिथे दोरीच्या जोल्यांवर बसून अख्खं गाव चहा पितं, तिथे दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. झियादला शहीमच्या बहिणीशी लग्न करायचं होतं आणि शहीम म्हणाला होता, "आधी पोटापाण्याचं बघ, मग बघू." सगळ्यांनी ऐकलं होतं. गावाला आणखी काय हवं?

पोलीस यायला हवे होते, पण नैर्ऋत्येचा वारा सुटला होता. बेटाभोवती प्रवाळाचं कडं, त्याला बाहेर जायला एकच तोंड, आणि त्या तोंडात लाटा भिंतीसारख्या उभ्या. आत यायची सोय नाही, बाहेर जायची नाही. "वारा पडला की येतो, तोवर पोराला सांभाळा," असा वायरलेसवर निरोप आला. गजांची खिडकी आणि चालू कुलूप बेटावर एकाच खोलीला, माझ्या औषधांच्या. त्यामुळे झियादला तिथे कोंडला आणि किल्ली माझ्या खिशात आली. मामाही मीच आणि जेलरही मीच.

कोंडण्याआधी धक्क्यावर सगळ्यांसमोर त्याला विचारलं, काय झालं?

"मी दोणीच्या नाळेकडचे, पुढच्या टोकाकडचे मासे मोजत होतो," झियाद म्हणाला. "शहीम मागे, केबिनपाशी. दिवा आणि कॅमेरा त्याच्याकडे. माझं झालं म्हणून त्याला बघायला गेलो, तर तो जाळ्यात... हातातून रक्त येत होतं. हिरवं."

"काय?"

"हिरवं रक्त येत होतं."

क्षणभर कुणाला कळेना. मग शहीमचा एक चुलतभाऊ कडवटपणे हसला आणि त्यामागून सगळी गर्दी. "हिरवं म्हणे! खोटं बोलायचं तर नीट तरी बोल रे!" मी तळव्यावरची चीर स्वतः पुसली होती. रक्त लालच होतं, तुमच्याआमच्यासारखं. माझाही चेहरा पडला.

त्या गर्दीत एकटा वहीद दुकानदार हसला नाही. भला माणूस, असं मला तेव्हा वाटलं.

२

दोन-तीन दिवस वारा नारळाची झापं झोडपत होता आणि शहीमचे चुलतभाऊ दवाखान्याच्या पायरीवर ठाण मांडून बसले होते. कुलूप फोडू असं ते बोलले नाहीत. पण पहार घेऊन बसले होते आणि आमच्या बेटावर नारळ कुणी पहारीने फोडत नाही.

त्यांच्या मधून वाट काढत राझियादात्ता आत आल्या. आमच्याकडे थोरलीला दात्ता म्हणतात आणि थोरल्याला बे. मालेच्या मत्स्यखात्यातून निवृत्त झालेल्या, साठीच्या, तोंडात कायम सुपारी. डाव्या कानाचा पडदा पाण्यात फाटल्यापासून बुडी बंद, म्हणून कड्यावरचे मासे मोजायला या दोन पोरांना त्यांनीच तयार केलं होतं. शुक्रवारी नेमक्या त्या वेळी त्या माझ्यासमोर बसून कानात थेंब घालून घेत होत्या. म्हणजे संशय घ्यायला त्या उपयोगाच्या नव्हत्या.

"पोरगं जेवलं का?" त्यांनी विचारलं.

"गरुडियाचं गरम कालवण दिलं. भाताला हात लावला नाही."

"तुम्हाला काय वाटतं, अफीफबे? खरं सांगा."

"माझा भाचा आहे तो."

"ते नातं झालं. मी तुम्हाला मत विचारलं."

मत विचारलं की माणूस अडकतो. बेटावर दोनच पाणबुडे, एक मेलेला. हे गणित मला कुठूनही फुटत नव्हतं. ते मी तसंच सांगितलं.

"दोनच, हे कुणी ठरवलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना तर हेही माहीत आहे की मासा म्हणजे फक्त टूना. बाकी सगळा फारूमास." त्यांनी सुपारीचा तुकडा गालात सरकवला. "कड्यावर शेकडो जातींचे मासे आणि तुम्हा लोकांकडे त्यांना एकच नाव. टूनाचं मात्र वीतभराचं पिल्लू वेगळं, हातभराचं वेगळं. अशा गावात 'सगळ्यांना माहीत' म्हणजे कुणी बघितलेलं नाही, एवढाच अर्थ."

मला राग आला. आम्ही टूनावर जगतो. फारूमास मांजराला घालतो, त्यात लाज कसली? पण बाई भाच्याच्या बाजूने बोलत होती, म्हणून राग गिळला.

"नमाज झाल्यावर सगळी पुरुषमंडळी जेवायला घरी गेली," त्या म्हणाल्या. "न गेलेले कोण?"

मी आठवून पाहिलं. तिघं होते. कप्तान हसन मानिक, इंजिनवाला नाझिम आणि वहीद.

"त्यांच्याशी माशांबद्दल बोलू," राझियादात्ता उठत म्हणाल्या.

"खुनाबद्दल नाही?"

"खुनाबद्दल सगळे तयारी करून बसलेत. माशांबद्दल कुणाचीच तयारी नसेल."

३

हसन मानिक गेल्या वर्षापासून माणसात नव्हता. बुडालेल्या त्या दोणीचा कप्तान तोच. वारा नाही, लाट नाही, नांगरलेली दोणी पहाटे आपोआप तळाला गेली. डागडुजीत कुचराई केली, असं म्हणत गावाने त्याला वर्षभर टोचून खाल्लं. मालक वहीद. त्याने मात्र अवाक्षर काढलं नाही, उलट विम्यातून नवी दोणी आल्यावर पुन्हा हसनलाच कप्तान केलं.

"शुक्रवारी कड्याच्या तोंडाशी गळ टाकून बसलो होतो," हसन म्हणाला. "वारा तेव्हा सुरू व्हायचा होता. एकटाच होतो. साक्षीदार नाही, आधीच सांगतो."

"काय लागलं गळाला?"

"लागणार काय? फारूमास."

"कसला?"

"लाल."

"लाल मासे ढिगाने आहेत, हसनबे. शेपूट कशी होती?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू या बाईला मीच काही औषध दिलं होतं. "कोयत्यासारखी. वर खाली दोन टोकं, मधे पोकळी. आणि प्रत्येक पंखाला मागून पिवळी किनार. सोडून दिला. कोण खाणार तो?"

बाहेर आल्यावर राझियादात्ता म्हणाल्या, "पिवळ्या किनारीचा गोब्रा. तो कड्याच्या तोंडाशी, धारेत राहतो. आतल्या पाण्यात आम्ही तो एकदाही मोजलेला नाही. आणि फारूमासाला नावसुद्धा न देणारा हा माणूस सोडून दिलेल्या माशाची शेपूट इतकी नीट सांगतो, ती पाहिल्याशिवाय नाही."

"हा पुरावा झाला?"

"नाही. पण आता मी त्याचा विचार शेवटी करीन."

नाझिम हवा भरायच्या यंत्राच्या शेडमध्ये सापडला. शहीम-झियादच्या टाक्या तोच भरून ठेवायचा. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. झटापट, सुरी, जखम; सगळं डोळ्यांसमोर आलं.

"हे काय?" मी विचारलं.

"डबा उघडताना लागलं."

राझियादात्तांनी फडकं सोडलं. चीर आखूड, खोल, कडा फुगून लाल झालेल्या. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. "डबा निळा होता का रे? पाठीवर पिवळी पट्टी, हनुवटी पांढरी?"

नाझिमचा चेहरा पडला.

"आणि डब्याच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक पांढरा वस्तरा होता? पकडल्यावर शेपूट फिरवली की हात कापणारा?"

"दात्ता, सासूला सांगू नका," नाझिम रडकुंडीला आला. "पाया पडतो. गुडघाभर पाण्यात जाळं टाकलं होतं, मशिदीमागच्या बाजूला. मला तो भाजून आवडतो हो. पण टूनाच्या दोणीवरचा माणूस फारूमास खातो असं सासूला कळलं तर ती सगळ्या बेटाला सांगत फिरेल!"

इतक्या दिवसांनी मला हसू आलं. राझियादात्ता हसल्या नाहीत. "तो निळा मासा लाट फुटते तिथे, उजेडात चरतो. पंधरा वावांवर तो हात कापायला येत नाही. तू सुटलास. आता दुसरं काही लपवलं असशील तर तेही सांग."

नाझिमने मान खाली घातली. "गुरुवारी भरून ठेवलेल्या टाक्यांतली एक शनिवारी रिकामी निघाली. तोटी गळत असेल म्हणून बोललो नाही. माझ्यावरच आलं असतं."

राझियादात्तांनी माझ्याकडे पाहिलं. टाक्या दोन माणसांनी नव्हे, तिघांनी वापरल्या होत्या.

४

वहीदचं दुकान धक्क्याच्या टोकाला, गोदाम थेट पाण्यावर. त्याच्याबद्दल बेटावरचा जुना विनोद असा की वहीदबे पाय धुतानासुद्धा कलमा पढतो. तरुणपणी परदेशात हॉटेलात कपडे धुण्याचं काम करून आला, येताना लंगडत आला आणि त्यानंतर घोट्याच्या वर पाण्यात कुणी त्याला पाहिलं नाही. कंबरेच्या दुखण्यासाठी दर महिन्याला माझ्याकडून गोळ्या नेई आणि उधारी कधी मागत नसे. त्याच्याकडे जाणं मला वेळ वाया घालवणं वाटत होतं.

"बसा, बसा," त्याने काळा चहा पुढे केला. "झियाद कसा आहे? पोरगा वाईट नाही हो. रागाच्या भरात माणसाकडून होतं."

"शहीम तुमच्याकडे यायचा?" राझियादात्तांनी विचारलं.

"रोज! साबण घ्यायला आला तरी माशांचीच टकळी. त्या दोणीच्या केबिनमधल्या गोब्र्याने तर वेड लावलं होतं त्याला. शेपटीला खाच असलेला. हाताजवळ येतो म्हणायचा."

"शेपूट कोयत्यासारखी?"

"छे, गोल. पंख्यासारखी. वरच्या कडेला खाच. अंग काळं आणि त्यावर निळे ठिपके चमकतात." तो थांबला. "म्हणजे, असं तो सांगायचा."

"हुबेहूब सांगितलंत," राझियादात्ता म्हणाल्या आणि चहा संपवला. साखर जास्त होती, तरी संपवला.

परतताना वाऱ्याने बोलू दिलं नाही. दवाखान्यात आल्यावर त्यांनी आपला संगणक उघडला आणि औषधांच्या खोलीच्या गजांपाशी नेला. "झियाद, केबिनमधला गोब्रा कुठला, दाखव."

झियाद पुढे आला. त्याचे डोळे सुजले होते. "हा. शहीमने मागच्या आठवड्यात काढलेला फोटो. ही खाच बघा. आम्ही त्याला ओळखतो दात्ता, तो शहीमच्या बोटाला यायचा."

मी पाहिलं. गोल शेपूट, वरच्या कडेला खाच, अंगभर निळे ठिपके. आणि मासा गाजरासारखा लालभडक.

"पण वहीद तर काळा म्हणाला," मी म्हटलं. "दुसरा असेल."

"तीच खाच घेऊन?"

"मग ऐकण्यात चूक झाली असेल त्याची."

"कानाने चूक झाली की डोळ्याने, एवढंच आता बघायचं." त्यांनी संगणक मिटला. "मी पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवते सांग रे, झियाद."

"रंगावर जाऊ नका," झियाद पुटपुटला. "शेपूट बघा, तोंड बघा, पंख बघा. रंग खाली फसवतो."

तेवढ्यात वायरलेसवाला धावत आला. मला वाटलं, काही चांगलं घेऊन आला. वारा उतरतोय, असं तो म्हणाला. उद्या सकाळी पोलिसांची लाँच तोंडातून आत येईल आणि झियादला मालेला नेईल. इतके दिवस वारा थांबावा म्हणून मी दुवा मागत होतो. आता तो आणखी सुटावा असं वाटायला लागलं. गजांमागून झियाद म्हणाला, "मामा, तुम्ही तरी माना ना की मी नाही केलं." मला 'मानतो' म्हणायचं होतं. त्याऐवजी मी कुलूप ओढून पाहिलं, आणि माझी मलाच शरम वाटली.

राझियादात्तांनी नाझिमला बोलावून घेतलं आणि त्या त्याच्या कानाशी, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्याने कुजबुजल्या, म्हणून मलाही ऐकू आलं. "गळ, खोल दोर आणि टूनाचा तुकडा घे. केबिनच्या बरोबर वर होडी लाव. तुझ्या सासूला मी काहीच सांगणार नाही."

५

सकाळी लाटा खाली बसल्या होत्या. लाँच दिसण्याआधी राझियादात्तांनी सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं. पायरीवरचे चुलतभाऊ आत आले, पहारीसकट. बेटाच्या परिषदेची दोन माणसं, हसन मानिक, नाझिम. वहीद सर्वांत शेवटी आला, झियादसाठी बिस्किटांचा पुडा घेऊन.

टेबलावर माझा इनॅमलचा ट्रे होता, वर ओलं फडकं. राझियादात्तांनी फडकं उचललं.

खोलातून एकदम वर ओढल्याने माशाचं पोट फुगून तोंडाशी आलं होतं. पण अंग अजून ओलं होतं आणि त्यावरचे निळे ठिपके सुईने काढल्यासारखे स्पष्ट होते.

"वहीदबे," त्या म्हणाल्या, "शहीमचा केबिनमधला गोब्रा. म्हटलं, तुम्हीही एकदा बघून घ्या."

वहीद वाकला. लालभडक अंग बघून त्याने सहज मान हलवली. "हा तो नव्हे. तो काळा आहे."

"शेपूट बघा."

त्याने पाहिलं. गोल, पंख्यासारखी. वरच्या कडेला खाच. बिस्किटांचा पुडा त्याच्या हातात कुरकुरला.

"शहीम काळा म्हणाला होता," तो घाईने म्हणाला.

"शहीम दिवा घेऊन जायचा आणि माझ्याकडे रोज याची नोंद 'लाल गोब्रा' म्हणूनच व्हायची. फोटोत तो लाल आहे. ट्रेमध्ये लाल आहे. ज्याने ऐकलं त्याने लाल ऐकलं, ज्याने पकडला त्याने लाल पाहिला. हा मासा काळा फक्त एकाच ठिकाणी दिसतो." त्या चुलतभावांकडे वळल्या. "पाण्यात खोल गेलं की सगळ्यात आधी लाल रंग मरतो. उजेड पोचतो, लाल पोचत नाही. पंधरा वावांवर, हातात दिवा नसेल, तर हा मासा काळा दिसतो. आणि रक्त हिरवं."

गजांमागे झियाद उभा राहिल्याचा आवाज आला.

"पोराने खोटं रचलं असतं तर लाल म्हणाला असता," राझियादात्ता म्हणाल्या. "तुम्ही सगळे हसलात. एकटे वहीदबे हसले नाहीत, कारण ते हिरवं रक्त त्यांनी पूर्वी पाहिलेलं आहे. स्वतःचंसुद्धा पाहिलं असेल."

"मी?" वहीद म्हणाला. "मी घोटाभर पाण्यात जात नाही. गावाला विचारा!"

तेव्हा माझ्या डोक्यात गोळ्यांची पाकिटं आली. दर महिन्याला, इतकी वर्षं. "कपडे धुऊन कंबरेचं हाड आतून मरत नाही, वहीद," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "तुझा मालेहून आणलेला एक्स-रे मी पाहिलाय. मला त्याचं कारण कळलं नव्हतं एवढंच. खोल पाण्यातून वारंवार झटक्याने वर येणाऱ्या माणसाची हाडं अशी होतात. तू हॉटेलात नव्हतास."

वहीदने दाराकडे पाहिलं. दारात हसन मानिक उभा होता. तो बाजूला झाला नाही.

"तळावरचे ते मऊ जीव, समुद्रकाकड्या काढायचो," वहीद शेवटी म्हणाला आणि खाली बसला. "टाकी घेऊन. बेकायदा होतं, म्हणून हॉटेल सांगितलं. पाण्याला भितो हे तुम्हीच ठरवलंत. मी नुसतं नाही म्हटलं नाही."

"आणि दोणी?" हसनने विचारलं. "माझी दोणी?"

"आतून भोकं पाडली होती. विम्यासाठी." वहीद ट्रेकडे बघत होता. "लाकडात दिसतात ती. शहीमला दिसली, त्याने फोटो काढले. गुरुवारी दुकानात आला आणि म्हणाला, वहीदबे, तुमच्या दोणीला कुणीतरी भोकं पाडलीत, तुमच्या वाईटावर कुणीतरी आहे, सांभाळून राहा. मला सावध करायला आला होता तो." त्याने तोंडावर हात दाबला. "मला वाटलं, त्याने ते हसनला सांगायच्या आत... गोदामातून गेलो. केबिनमध्ये लपलो. तो मासा माझ्या समोर होता, हटतच नव्हता. शहीम आला तसा मागून आधी त्याचा दिवा विझवला, मग तोटी; कॅमेरा घेऊन गेलो. मी तुमच्यासारखाच आहे, दात्ता. मी फारूमास कधी ताटात घेतला नाही. तो वर लाल असतो हे मला कसं कळणार?"

हसन मानिक भिंतीला टेकून रडायला लागला. वर्षभर गावाने त्याला जे बोललं होतं ते आता कुणाला परत घेता येत नव्हतं. चुलतभावांपैकी धाकट्याने पहार उचलली. मोठ्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि माझ्या टेबलाखाली ठेवली.

६

मी कुलूप उघडलं. झियादला मिठी मारायची म्हणून मी हात पुढे केले, पण तो माझ्या बाजूने निघून टेबलापाशी गेला.

"हा शहीमचा आहे," तो म्हणाला.

"हो," राझियादात्ता म्हणाल्या.

"हा कुणालाही घाबरायचा नाही. कुणाच्याही बोटाला यायचा. म्हणून गळाला लागला." त्याने ओल्या शेपटीवरून, त्या खाचेवरून बोट फिरवलं. "याला का मारलंत, दात्ता?"

राझियादात्तांनी तोंडातली सुपारी काढून टाकली. "वहीदला त्याच्या तोंडाने बोलतं करेल असं माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी जन्मभर मोजले, बाळा. एकही मारला नव्हता."

बाहेर लाँचचा भोंगा वाजला. परिषदेची माणसं वहीदला घेऊन धक्क्याकडे निघाली आणि सगळं गाव त्यांच्यामागे गेलं. झियादने ट्रे उचलला आणि धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे तळ एकदम खोल जातो तिथे गेला. मी आणि राझियादात्ता त्याच्यामागे. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मी मानायला हवं होतं." त्याने खांदा काढून घेतला नाही.

त्याने फुगलेल्या पोटाला सुईने टोचलं, माशाच्या गळ्याशी प्रवाळाचा दगड बांधला आणि दोन्ही हातांनी त्याला पाण्यात सोडलं.

वाऱ्यानंतर पाणी नितळ झालं होतं, त्यामुळे तो खाली जाताना बराच वेळ दिसत राहिला. आधी लाल, मग तांबूस, मग मातीच्या रंगाचा. शेवटी मला तो काळा दिसला.